बाळासमोरचा टी.व्ही. आणि घराची सायंकाळ

जून लागला की लोणावळ्याच्या डोंगरावर ढग उतरतात आणि मावळातील लहान मुलांचे अंगण चार महिने बंद होते. लोणावळा, कामशेत, वडगाव, तळेगाव येथील पेठांत दुकाने मात्र चालूच असतात. शनिवार-रविवारी पर्यटकांच्या गर्दीत गल्ल्यावरून उठणेही कठीण. घरात सूर्यास्तापूर्वी जेवणे उरकण्याची घाई. अशा वेळी दीड वर्षाच्या बाळाला टी.व्ही.समोर बसवले की घास मुकाट्याने आत जातो आणि चौविहारही साधतो. सोय खरी आहे. परंतु तिची किंमत पाहणे इष्ट.

बाळाला भाषा नुसत्या ऐकण्याने येत नाही. प्रतिसाद देणारे माणूस समोर लागते. अमेरिकेत पॅट्रिशिया कुल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला, २००३ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग या बाबतीत बोलका आहे. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील नऊ महिन्यांच्या बाळांशी चिनी भाषकांनी बारा वेळा खेळत, पुस्तके दाखवत संवाद साधला. त्या बाळांना चिनी उच्चारांतील भेद ओळखू येऊ लागले. दुसऱ्या गटाला तेच पडद्यावर दाखवले, तेव्हा त्यांच्या पदरी काहीच पडले नाही. शिवाय संच नुसता चालू असला तरी मोठी माणसे मुलांशी कमी बोलतात. आणि चित्रांत गुंतलेल्या बाळाला पोट भरल्याची जाणीवही नीट होत नाही.

म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सुचवले, की दोन वर्षे पूर्ण होईपर्यंत पडदा नकोच. पुढे चार वर्षांपर्यंत दिवसाला एक तासाहून अधिक नको, कमी तितके चांगले. भारतातील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्लाही असाच आहे. परगावच्या आजी-आजोबांशी अधूनमधून व्हिडिओ कॉलवर बोलण्यास मात्र हरकत नाही.

पूर्वी ही मर्यादा केंद्रच घालून देत असे. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले, १९७३ मध्ये पुणे परिसरातही प्रक्षेपण पोहोचले. परंतु कार्यक्रम संध्याकाळचे काही तासच असत. ते संपले की संच मुका होई. आता तो बंद करण्याचे काम घरालाच करावे लागते. आजोबांच्या बातम्या, आजींची मालिका, वडिलांचे बाजारभाव चालू असताना एकट्या आईने बाळाचे डोळे झाकायचे, हा व्यवहार टिकणारा नाही.

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने हे ओळखले. कोरोनाकाळातील ऑनलाइन शाळेमुळे मुले मोबाईलला चिकटली होती. ऑगस्ट २०२२ पासून तेथे सायंकाळी सात वाजता भोंगा वाजू लागला आणि दीड तास घराघरांतील टी.व्ही. व मोबाईल बंद राहू लागले. उद्देश शालेय मुलांच्या अभ्यासाचा होता. तरी त्यातील मर्म तान्ह्या बाळाच्या घरालाही लागू पडते. नियम मुलांपुरता नव्हता, मोठ्यांनीही तो पाळायचा होता.

मावळातील घरांना भोंग्याची गरज नाही. सामायिकाची अठ्ठेचाळीस मिनिटे सर्वांच्या परिचयाची आहेत. बाळाच्या सायंकाळच्या जेवणाला तेवढाच वेळ सर्वांनी पडदा बंद ठेवावा. आजी किंवा आजोबांनी बाळाला भरवावे. शक्य तेव्हा वडिलांनी दुकान दुसऱ्यावर सोपवून घरी यावे. वाट्या, झाकणाचे डबे आणि पावसाची खिडकी एवढे साहित्य पुरते.

पहिले काही दिवस बाळ रडेल, घास सांडेल, जेवण लांबेल. तो खर्च आधीच धरून चालावे. खिडकीतून लोकल गेल्यावर ‘गाडी’ म्हणणाऱ्या बाळाला ‘कुठे गेली?’ असे विचारणारे माणूस शेजारी असले, की त्या सायंकाळचा हिशेब जुळला म्हणावा.