गोफणीचा गोटा आणि शाळेतले गणित

जोंधळा दाण्यावर आला की शेतात माळा उभा राहतो, आणि घरातला पोरगा गोफण घेऊन त्यावर चढतो. गोटा कुठे पडणार ते त्याला बरोबर उमगते. पण हाच पोरगा पदार्थविज्ञानाचे उदाहरण समोर आले की पेन्सिल चावीत बसतो.

उदाहरण असे: गोटा 5 मीटर उंचीवरून, सेकंदाला 20 मीटर वेगाने, अगदी आडवा सुटला. तो किती लांब पडेल? पोरगा सूत्र आठवतो आणि 20 हा आकडा पडण्याच्या हिशेबात घालतो. तिथेच गाडी रुतते.

गोट्याची दोन कामे एकाच वेळी चाललेली असतात, पुढे जाणे आणि खाली पडणे. पृथ्वी त्याला फक्त खाली ओढते. म्हणून आडवा वेग आहे तसाच राहतो, आणि पडण्याचा वेग सेकंदाला सुमारे 10 मीटरने वाढत जातो. गॅलिलिओने 1638 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात ही दोन कामे वेगळी करून दाखविली. आता पाहा, नुसती सोडलेली वस्तू पहिल्या सेकंदात सुमारे 5 मीटर पडते. म्हणजे आपला गोटा हवेत एकच सेकंद राहणार आणि तेवढ्यात 20 मीटर पुढे जाणार. झाले उत्तर! वेग दुप्पट केला तर तो 40 मीटरवर पडेल, पण वेळ तोच, एक सेकंद.

हे मुलांना पटत नाही, आणि त्यात त्यांचा दोष नाही. गुरुजींनी टेबलाच्या कडेवर दोन नाणी ठेवावीत. एक पट्टीने जोरात उडवावे, त्याच क्षणी दुसरे नुसते कडेवरून पाडावे. मुलांना डोळे मिटून ऐकायला सांगावे. दोन्ही नाणी एकदमच वाजतात. सूत्र फळ्यावर लिहायचे ते यानंतर.

गोटा जमिनीवरून 30 अंशांनी तिरका, त्याच 20 च्या वेगाने फेकला, तर उभा वेग 10 आणि आडवा सुमारे 17. वर जायला एक सेकंद, उतरायला एक; दोन सेकंदांत अंतर सुमारे 35 मीटर. माथ्यावर वेग किती, असे विचारले की बहुतेक मुले 'शून्य' म्हणून मोकळी होतात. अहो, शून्य होतो तो उभा वेग! आडवाही थांबला असता तर गोटा माथ्यावरून सरळ खाली आला असता. असा गोटा कुणा राखणदाराने पाहिला आहे?

एक मात्र खरे, हवेचा अडथळा आपण हिशेबात धरलेला नाही. खरा गोटा थोडा अलीकडेच पडतो. माळ्यावरचा पोरगा तेवढे हाताच्या अंदाजातच धरीत असतो.