गाडीची बाहेरची फिटिंग : कर्ज देण्याआधी काय विचाराल?



शेळ्या, शिलाई मशीन, मुलीची फी ही कर्जाची कारणं आपल्याला पाठ आहेत. हल्ली गटाच्या अर्जात एक नवं कारण येतंय : 'गाडीची फिटिंग'. जमिनीचा मोबदला मिळाला, शहरात नोकरी लागली, की घरात सेकंडहँड का होईना बीएमडब्ल्यू, मर्सिडीज, ऑडी अशी मोठी गाडी येते. मग मुलगा म्हणतो, "आई, गटातून चाळीस हजार काढ, टॉप मॉडेलचे दिवे अन् कॅमेरा टाकतो." गाडी तो चालवणार, पण कर्जाच्या कागदावर सही आपली असते. मागच्या सीटवर नातवाला घेऊन बसतो ते पण आपणच. म्हणून हे समजून घेऊ.

या मोठ्या गाड्या कारखान्यातून निघतानाच वेगवेगळ्या सोयींच्या निघतात. पहिल्या मालकाने पैसे भरले असतील तर कॅमेरा, भारी दिवे, गरम होणारी सीट. नाहीतर साधी गाडी. जे कारखान्यात बसलं ते 'कंपनी फिटिंग'. नंतर बसवलं ते 'बाहेरची फिटिंग'. त्यातही दोन प्रकार आहेत. एक, त्याच कंपनीचा अस्सल भाग आणून बसवणं. दुसरा, बाजारातला कुठलाही भाग बसवणं.

जुन्या जीपमध्ये काम सोपं होतं. बॅटरी, बटण, हॉर्न आणि मधे एक वायर. नव्या गाडीत मात्र डझनावारी छोटे कॉम्प्युटर असतात आणि ते एकाच वायरच्या जोडीवरून एकमेकांना निरोप देतात. ग्रामपंचायतीच्या भोंग्यासारखं समजा. निरोप सगळ्यांना ऐकू जातो, पण ज्याचं काम असतं तोच उठतो. त्यामुळे नवा भाग नुसता बसवून चालत नाही. गाडीच्या मुख्य कॉम्प्युटरमध्ये त्याची नोंद करावी लागते. रेशनकार्डावर नाव चढल्याशिवाय सुनेला धान्य मिळतं का? तसंच हे. या नोंदीला कोडिंग म्हणतात. काही भाग तर मूळ गाडीच्या चेसिस नंबरशी बांधलेले असतात. भंगारातल्या गाडीतून स्वस्तात आणलेला मीटर किंवा रेडिओ म्हणूनच कधी कधी चालूच होत नाही, आणि पैसे बुडतात.

दुसरी गोष्ट वायरची. काही मेकॅनिक चालू वायर सोलून तिथून करंट घेतात. आपल्याकडे लाईटच्या तारेवर आकडा टाकतात ना, तोच प्रकार. त्याने फ्यूज उडतो, वायर तापते, आग लागू शकते. गाडी बंद केल्यावर तिचे कॉम्प्युटरही झोपतात, पण आकड्यावर घेतलेली वस्तू रात्रभर करंट ओढत राहिली तर सकाळी बॅटरी उतरलेली मिळते. दिव्यांचंही तसंच. ठरल्यापेक्षा जास्त वॅटचा बल्ब टाकला तर होल्डर वितळतो. एलईडी टाकला तर तो करंट कमी घेतो, गाडीला वाटतं बल्ब गेला, आणि मीटरवर सूचना पेटत राहते. शिवाय समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर झोत पडतो तो वेगळाच.

आता जिवाचं बोलू. एअरबॅग डोळ्याची पापणी लवायच्या आत उघडते. बाजूची एअरबॅग बऱ्याच गाड्यांत सीटच्या शिवणीतून बाहेर येते. त्यावर जाड, घट्ट सीट कव्हर शिवलं तर ती अडकते. डॅशबोर्डवर जिथे 'एअरबॅग' लिहिलंय तिथे गणपतीची मूर्ती चिकटवू नका. एअरबॅग फुटली की मूर्ती दगडासारखी तोंडावर येईल. पुढच्या सीटवर लेकराला मांडीवर घेऊ नका. भंगारातली एअरबॅग तर कधीच नको. पुढच्या बंपरला लोखंडी गार्ड लावला की धडकेचा जोर भलतीकडे जातो आणि सेन्सरला धडक नीट कळत नाही. असे गार्ड लावणाऱ्यांवर कारवाई करा, असं केंद्राने डिसेंबर 2017 मध्ये राज्यांना कळवलं होतं.

सगळ्यात घातक वस्तू सगळ्यात स्वस्त आहे : पट्ट्याचा आवाज बंद करणारी क्लिप. 4 सप्टेंबर 2022 रोजी आपल्याच पालघर जिल्ह्यात, सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांची मर्सिडीज धडकली. मागे बसलेले दोघेही गेले. दोघांनीही पट्टा लावला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं. गाडी कितीही भारी असो, पट्ट्याला पर्याय नाही. पुढे 2023 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन कंपन्यांना या क्लिपा विक्रीतून काढायला लावल्या.

कायदा काय म्हणतो? मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं, की कंपनीने दिलेल्या आणि आरसी पुस्तकात असलेल्या मूळ नोंदींशी जुळणार नाही असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये हेच पक्कं केलं. 2019 च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला मालकाला दर बदलामागे 5000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. रंग बदलला तर आरटीओत नोंद हवी. सीएनजी किट बसवता येतं, पण ते मान्यताप्राप्त हवं, आरसीवर चढवायला हवं, आणि टाकीची दर तीन वर्षांनी तपासणी करायला हवी. काचांतून पुढून-मागून 70 टक्के आणि बाजूने 50 टक्के प्रकाश आत यायलाच हवा.

विम्याचं विसरू नका. बाहेरून बसवलेली वस्तू विमा कंपनीला कळवून पॉलिसीत लिहून घ्यावी लागते, त्याचा थोडा जास्तीचा हप्ता पडतो. कळवलं नाही तर त्या वस्तूची भरपाई मिळत नाही, आणि आग त्याच वायरमुळे लागली तर सगळाच दावा अडकू शकतो. वॉरंटीतल्या गाडीचंही असंच होतं.

मग सगळंच वाईट का? नाही. रबरी मॅट, मोबाईल स्टँड, मूळ मापाचे टायर, जोडणीला जोडणी बसणारा कॅमेरा यात काही बिघडत नाही. टायर मात्र मापाचेच घ्या. मोठे टायर घातले तर मीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतो.

म्हणून गटात असा अर्ज आला तर पाच प्रश्न विचारा. वायर कापावी लागणार का? कोडिंग कोण करणार, आणि ते दरात धरलंय का? एअरबॅग, पट्टा, स्टिअरिंग, ब्रेक यांना हात लागणार का? आरसीवर आणि पॉलिसीत नोंद होणार का? पक्कं बिल मिळणार का? तिसऱ्याचं उत्तर 'हो' आलं तर कर्ज नको. बाकीच्यांची उत्तरं लेखी मागा. पोराला राग येईल, येऊ द्या. गटाचा पैसा बायकांनी आठवड्याला वीस-पन्नास करून जमवलेला आहे, तो विचारूनच खर्च व्हायला हवा.

भेटू पुढच्या भागात. गाडीत बसाल तेव्हा मागेसुद्धा पट्टा लावा. नमस्कार.