विमानांतील सेविका आणि आपली दृष्टि

ता. १६ एप्रिल २०२५ रोजीं अमरावतीजवळील बेलोरा विमानतळावरून मुंबईची प्रवासी विमानसेवा सुरू झाली आणि वऱ्हाडास आकाशमार्गाचें दार उघडलें. अकोल्याच्या शिवणी येथील धावपट्टी लांबविण्याची मागणी जुनी आहे. तोंवर अकोलेकरांनीं आगगाडी, नागपूर किंवा आतां बेलोरा यांपैकीं एकाचा आश्रय करावयाचा. तथापि, ज्या घरांतील मुलगे पुण्यामुंबईस व पुढें परदेशीं गेले, त्या घरांतील वडील मंडळींना विमानप्रवासाची अपूर्वाई आतां राहिलेली नाहीं. मात्र घरांतील एखाद्या मुलीनें 'मला विमानांत नोकरी करावयाची आहे' असें म्हटलें, कीं माजघरांत एकदम शांतता पसरते. त्या शांततेचा विचार करावा, एवढाच या लेखाचा हेतु.

आपल्याकडे या नोकरीस 'हवाई सुंदरी' असें नांव पडलें, आणि गैरसमजाचें मूळ तेथेंच आहे. शिक्षिकेस कोणी शाळासुंदरी म्हणत नाहीं, परिचारिकेस रुग्णालयसुंदरी म्हणत नाहीं. येथें मात्र नांवानें रूप पुढें केलें आणि काम मागें पडलें. वास्तविक अमेरिकेंत १९३० सालीं या व्यवसायांत शिरलेली पहिली स्त्री, एलन चर्च, ही शिकलेली परिचारिकाच होती.

चहा-फराळ देणें हा या कामाचा दिसणारा भाग. न दिसणारा भाग निराळा आहे. पन्नासांहून अधिक आसनांच्या विमानांत निदान दोन सेवक असलेच पाहिजेत असा जो दंडक आहे, तो चहा लौकर मिळावा म्हणून नव्हे. मोठ्या विमानाच्या नव्या बनावटीस मान्यता मिळण्यापूर्वीं, निम्म्याच दारांतून सर्व माणसें नव्वद सेकंदांत बाहेर निघूं शकतात, हें सिद्ध करावें लागतें; आणि तीं काढावयाचीं या सेवकांनीं. ता. २ जानेवारी २०२४ रोजीं तोक्योच्या हानेदा विमानतळावर एक जपानी विमान पेटलें. त्यांतील ३७९ माणसें एकूणएक जिवंत बाहेर आलीं. कराचीस ५ सप्टेंबर १९८६ रोजीं अपहरणकर्त्यांच्या ताब्यांतील विमानांत प्रवाशांना वांचवितांना नीरजा भनोट हिनें प्राण दिला. तिला तेवीस वर्षें पुरीं होण्यास दोन दिवस अवकाश होता. अशोकचक्राचा मान तिला मरणोत्तर मिळाला. अहमदाबादेस ता. १२ जून २०२५ रोजीं कोसळलेल्या विमानांतही दहा सेवक-सेविका आपल्या कामावर असतांनाच मृत्युमुखीं पडल्या.

अशा कामाचा मोबदला कोणत्या अटींवर मिळे, तें पाहूं. एअर इंडियाच्या जुन्या नियमांप्रमाणें विमानसेविकेस पस्तिसाव्या वर्षीं निवृत्त व्हावें लागे. चार वर्षांच्या आंत विवाह केल्यास नोकरी जाई. आणि पहिल्या गरोदरपणीं तर ती जाईच. त्याच विमानांत काम करणाऱ्या पुरुषास मात्र अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत मुभा होती! नर्गिस मिर्झा व त्यांच्या सहकारी भगिनी न्यायालयांत गेल्या. सर्वोच्च न्यायालयानें १९८१ सालीं गरोदरपणाची अट, ती भारतीय स्त्रीत्वाचा अवमान करणारी ठरवून, रद्द केली. चार वर्षांच्या विवाहबंदीची अट मात्र कायम ठेविली. न्याय मिळाला, पण अर्धाच.

आतां संपाकडे वळूं. ऑक्टोबर २००८ मध्यें जेट एअरवेजनें शेंकडों तरुण सेवकांना एकाएकीं घरीं पाठविलें. तीं मुलें गणवेषांतच मुंबईस रस्त्यावर उतरलीं, राज ठाकरे यांच्याकडे गेलीं, आणि दोनच दिवसांत कंपनीनें त्यांना परत घेतलें. मे २०२४ मध्यें एअर इंडिया एक्सप्रेसच्या अनेक सेवकांनीं एकाच वेळीं आजारपणाची रजा घेतली. विलीनीकरणानंतरची वागणूक व वेतन, ही त्यांची तक्रार होती. सत्तरांहून अधिक उड्डाणें एका दिवसांत रद्द झालीं, पंचवीस जणांस काढण्यांत आलें, आणि ९ मे रोजीं श्रम आयुक्तांसमोर तडजोड होऊन तीं माणसें परत आलीं. कानडांत ऑगस्ट २०२५ मध्यें दहा हजारांहून अधिक सेवकांनीं संप केला. विमान हलेपर्यंतच्या कामाचें वेतन मिळत नाहीं, हें त्यांचें मुख्य गाऱ्हाणें होतें. सरकारनें कामावर जाण्याचा हुकूम सोडला, तो त्यांनीं मानला नाहीं. आणि शेवटीं जमिनीवरील कामाचा मोबदला कंपनीस मान्य करावा लागला.

प्रवाशांचा संताप खोटा आहे, असें कोणी म्हणूं नये. अंथरुणास खिळलेल्या आईच्या भेटीस निघालेल्या मुलास विमान रद्द झाल्याचें ऐनवेळीं कळलें, तर त्याचें दुःख कोणत्याही मागणीनें हलकें होत नाहीं. म्हणूनच संपाची आगाऊ सूचना देण्याचें बंधन कायद्यानें घातलें आहे. आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलांत आलेल्या औद्योगिक संबंध संहितेनें निम्म्या किंवा अधिक कामगारांनीं मिळून घेतलेली नैमित्तिक रजाही संपच मानिली आहे. हें बंधन योग्य आहे. परंतु ज्यांना सांगून संप करणें कठीण केलें, त्यांचें गाऱ्हाणें वेळेवर ऐकण्याची जबाबदारीही तितकीच वाढते, हें मालकांनीं व सरकारनें विसरतां कामा नये.

आणि आपण? बँकेंतील कारकुनांनीं किंवा शाळेंतील मास्तरांनीं संप केला, तर त्यांची बाजू आपण समजून घेतों. कारण त्यांत आपला भाऊ, आपला भाचा असतो. विमानसेविकेनें तोंड उघडलें कीं मात्र आपण म्हणतों, 'एवढा पगार, एवढा थाट, वर तक्रार कसली?' हा न्याय नव्हे. हें केवळ परकेपण आहे. एकेकाळीं परिचारिकेच्या कामासही आपण असेंच नाक मुरडलें होतें.

तेव्हां मुलीनें ही इच्छा बोलून दाखविली, तर वडीलधाऱ्यांनीं 'लोक काय म्हणतील' हा प्रश्न बाजूस ठेवून दुसरे प्रश्न विचारावे. करार किती वर्षांचा? वेतनाचा किती भाग उड्डाणाच्या तासांवर अवलंबून आहे? रात्रपाळीनंतर विश्रांति किती? प्रसूतीची रजा मिळते काय? शिक्षणसंस्था भरमसाट शुल्क घेते, तिनें नोकरीचें वचन लेखी दिलें आहे काय? या प्रश्नांचीं उत्तरें समाधानकारक नसतील, तर खुशाल नकार द्यावा. पण तो अटींना असावा, कामाला नसावा.