उमेदवार कोणाचा? १९६९ची राष्ट्रपतिपदाची निवडणूक आणि काँग्रेस

राष्ट्रपतीची निवडणूक कशी व्हावी हे राज्यघटनेच्या ५४ व ५५ या अनुच्छेदांनी तपशिलाने सांगितले असले, तरी राजकीय पक्षाने आपला उमेदवार कसा ठरवावा याविषयी घटनेत अवाक्षरही नाही. तो निर्णय पक्षाच्या मोजक्या नेत्यांवर सोपवलेला असतो. मतदान मात्र संसदेचे आणि विधानसभांचे निर्वाचित सदस्य गुप्तपणे करतात, आणि या निवडणुकीत पक्षादेश, म्हणजे ‘व्हिप’, कायद्याने बंधनकारक नसतो. मूठभर नेत्यांनी ठरवलेले नाव हजारो आमदार-खासदारांना पटलेच नाही तर काय होते, हे १९६९मध्ये काँग्रेस पक्षाने अनुभवले.

राष्ट्रपती डॉ. झाकिर हुसेन यांचे ३ मे १९६९ रोजी पदावर असतानाच निधन झाले आणि उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी हंगामी राष्ट्रपती झाले. नवा उमेदवार निवडण्याचे काम काँग्रेसच्या संसदीय मंडळाकडे आले. उमेदवाऱ्यांसारख्या महत्त्वाच्या बाबींवर निर्णय घेणारी ही पक्षाची छोटी सर्वोच्च समिती होती आणि तिची बैठक जुलैमध्ये, महासमितीच्या अधिवेशनाच्या वेळी, बंगळूरला भरली. पक्षाध्यक्ष निजलिंगप्पा, कामराज, मोरारजी देसाई यांच्यासारखे मातब्बर नेते मंडळात होते, तसेच यशवंतराव चव्हाण आणि स. का. पाटील हे महाराष्ट्राचे दोन नेतेही होते.

‘सिंडिकेट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रांतिक नेत्यांच्या गटाने लोकसभेचे अध्यक्ष नीलम संजीव रेड्डी यांचे नाव पुढे केले. पंतप्रधान इंदिरा गांधींनी जगजीवनराम यांचे नाव सुचवले. महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीच्या वर्षात दलित समाजातील नेत्याला सर्वोच्च पद मिळावे, ही त्यामागची मांडणी होती आणि तिच्यात नैतिक बळ होते. परंतु दोन्ही बाजूंच्या मनातील खरा प्रश्न वेगळाच होता. १९६७च्या निवडणुकीत काँग्रेसचे लोकसभेतील बहुमत घटले होते, अनेक राज्ये हातची गेली होती, आणि पुढील लोकसभेत कोणालाच स्पष्ट बहुमत मिळाले नाही तर सरकार बनवण्यासाठी कोणाला पाचारण करायचे हे राष्ट्रपतीच्या विवेकावर अवलंबून राहणार होते. राष्ट्रपती पंतप्रधानांच्या विश्वासातला असावा की त्यांच्यावर वचक ठेवणारा असावा, हा खरोखरीच गंभीर घटनात्मक वाद होता. तो पक्षासमोर उघडपणे मांडला गेला असता तर सदस्यांना निदान आपण कशावर मत देत आहोत हे कळले असते. त्याऐवजी मंडळात मते मोजली गेली. गृहमंत्री असूनही चव्हाणांनी पंतप्रधानांच्या विरोधात रेड्डींच्या बाजूने कौल दिला आणि रेड्डींची उमेदवारी पक्की झाली.

पुढच्या घटना विलक्षण वेगाने घडल्या. गिरींनी अपक्ष म्हणून उभे राहण्याचे जाहीर केले. १६ जुलैला मोरारजींकडून अर्थखाते काढून घेण्यात आले. १९ जुलैला १४ मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. रेड्डींच्या उमेदवारी अर्जावर इंदिरा गांधींची सही होती, तरीही निजलिंगप्पांनी जनसंघ व स्वतंत्र पक्ष या विरोधी पक्षांच्या नेत्यांशी बोलणी केल्याचे निमित्त पुढे आले आणि पक्षादेश न काढता, सदस्यांनी सद्सद्विवेकबुद्धीनुसार मत द्यावे अशी भूमिका इंदिरा गांधींच्या गटाने घेतली. आपणच सही केलेल्या उमेदवाराला असे वाऱ्यावर सोडणे पक्षशिस्तीच्या दृष्टीने समर्थनीय नव्हते, हे त्यांच्या धोरणांविषयी आदर बाळगूनही म्हणावे लागते.

निजलिंगप्पांच्या त्या बोलण्यांचे मर्म मतदानाच्या पद्धतीत होते. या निवडणुकीत मतदार उमेदवारांना १, २, ३ असा पसंतीक्रम देतो; पहिल्या पसंतीच्या मतांत कोणालाच निम्म्याहून अधिक मतमूल्य (प्रत्येक मताला ठरवून दिलेल्या वजनाची बेरीज) मिळाले नाही, तर तळाचे उमेदवार एकेक करून बाद होतात आणि त्यांची मते पुढच्या पसंतीनुसार उरलेल्यांकडे जातात. जनसंघ व स्वतंत्र पक्षाचे उमेदवार चिंतामणराव देशमुख हे होते. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर असलेल्या देशमुखांनी मुंबई महाराष्ट्राला मिळण्याच्या प्रश्नावर १९५६मध्ये केंद्रीय अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला होता. ते जिंकण्याची शक्यता नव्हती, पण त्यांच्या मतदारांची दुसरी पसंती रेड्डींना तारू शकत होती.

१६ ऑगस्टला मतदान झाले. पहिल्या पसंतीत गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९ मतमूल्य मिळाले. विजयासाठी ४,१८,१६९ हवे होते. पुढच्या पसंतीची मते बहुसंख्येने रेड्डींकडेच वळली आणि त्यांचा आकडा ४,०५,४२७ पर्यंत पोहोचला, पण गिरी ४,२०,०७७ मतमूल्यासह निवडून आले. काँग्रेसच्या अनेक सदस्यांनी अधिकृत उमेदवाराला डावलल्याशिवाय हा निकाल शक्य नव्हता. नोव्हेंबरमध्ये इंदिरा गांधींना पक्षातून काढण्यात आले आणि काँग्रेस दुभंगली. बंगळूरला रेड्डींना कौल देणारे चव्हाण त्या फुटीत इंदिरा गांधींबरोबर राहिले, तर रेड्डी १९७७मध्ये जनता पक्षाच्या राजवटीत राष्ट्रपतिपदी बिनविरोध निवडून आले.