सुट्टी झाली, पण पेशंट बरा झाला का?

परभणीत पेशंट जास्तच सीरियस झाला की बऱ्याचदा ॲम्ब्युलन्स नांदेडच्या नाहीतर छत्रपती संभाजीनगरच्या वाटेला लागते. पंधरा-वीस दिवस घरातल्यांच्या जिवाला घोर. मग सुट्टी होते, दारात भाकरतुकडा ओवाळून टाकतात आणि शेजारीपाजारी म्हणतात, "चला, बरा झाला एकदाचा!"

पहिला गैरसमज हाच. सुट्टी झाली याचा अर्थ जिवावरचा धोका टळला, एवढाच. लंडनमधल्या आयसीयूंतला एक अभ्यास 2013 साली प्रसिद्ध झाला. गंभीर रुग्णांच्या मांडीचा स्नायू पहिल्या 10 दिवसांतच सरासरी 17 ते 18 टक्क्यांनी झिजल्याचं त्यात मोजलं गेलं. म्हणून महिन्यापूर्वी सोयाबीनचं पोतं पाठीवर घेणारा माणूस आता पाण्याचा तांब्या दोन्ही हातांनी धरतो. संडासला बसला की त्याला उठता येत नाही. घरचे म्हणतात, अंग चोरतो. तो अंग चोरत नाही, त्याचं अंग झिजलंय. ते भरून यायला महिने लागतात, काहींना वर्षही.

"खाटेवरून हलू नको" हा प्रेमाचा सल्लाही चुकीचाच. पडून राहिल्यानं स्नायू आणखी झिजतात. डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टला विचारून रोज थोडं बसवा, उभं करा, अंगणात दोन फेऱ्या मारू द्या.

आणि ते सलाईन! "दोन बाटल्या लावा, ताकद येईल," हे आपल्याकडे घरोघरी ऐकू येतं. साधं सलाईन म्हणजे मीठपाणी. पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत साखर असते 25 ग्रॅम, म्हणजे पाच-सहा चमचे. ज्वारीची एक भाकरी त्याहून जास्त ऊर्जा देते. ज्या परभणीच्या कृषी विद्यापीठानं 'परभणी मोती' ज्वारी दिली, तिथल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. झिजलेलं अंग भरायला प्रथिनं लागतात: घट्ट वरण, अंडी, दूध, शेंगदाणे. किडनीचा त्रास किंवा साखर असेल, तर किती द्यायचं ते डॉक्टरांना विचारा.

सर्वांत जास्त जीव तुटतो तो "बाहेरचं झालंय" हे ऐकताना. आयसीयूत पेशंटला भिंतीवर मुंग्या दिसतात, नर्स विष देतेय असं वाटतं, तो नळ्या उपसायला बघतो. याला डिलिरियम म्हणतात. जंतुसंसर्ग, ऑक्सिजनची कमतरता, गुंगीची औषधं आणि रात्रंदिवस जळणारे दिवे यांनी मेंदू गोंधळतो. हे वेड नाही, बाधाही नाही. घरी आल्यावरही काही जण रात्री दचकून उठतात, विसरतात, पैशांचा हिशेब चुकतात. अशा माणसाला देवरुष्यापुढे बसवू नका. युरोपातल्या अनेक आयसीयूंत नर्स आणि नातेवाईक पेशंटच्या हरवलेल्या दिवसांची डायरी लिहितात. आपण शंभर पानी वहीत लिहू शकतो: आज नळी काढली, आज तू माझं नाव घेतलंस. पुढं त्याला खरं काय आणि भास कोणता, हे त्या वहीतून कळतं.

आजारानंतर दोन-तीन महिन्यांनी काहींचे केस गळतात, ते बहुधा परत येतात. श्वासासाठी घशात घातलेल्या नळीमुळं बसलेला आवाज मात्र काही आठवड्यांत सुटला नाही, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

ताप, धाप किंवा अचानक गोंधळल्यासारखं वागणं दिसलं, तर "अशक्तपणा असेल" म्हणून थांबू नका, लगेच दवाखाना गाठा. झोप उडाली असेल, मन खचलं असेल, पेशंटचं किंवा आयसीयूबाहेर बसून रात्री काढलेल्या त्याच्या बायकोचं, तर 14416 हा सरकारचा टेलि-मानस क्रमांक चोवीस तास सुरू असतो. फोन मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.