मलबार हिलची हँगिंग गार्डन 'लटकते' तरी कुठे? पायी फिरल्यावर मिळतं उत्तर

मलबार हिल म्हटलं की डोळ्यांसमोर येतात मंत्र्यांचे बंगले, लोकभवन (पूर्वीचं राजभवन) आणि कोट्यवधींचे फ्लॅट. गाडीतून गेलं तर तेवढंच दिसतं. पण मे महिन्यातल्या सकाळी, ऊन चढायच्या आत गिरगाव चौपाटीकडून पायी निघालं, तर या श्रीमंत डोंगराची खरी श्रीमंती वेगळीच असल्याचं लक्षात येतं. ती म्हणजे पाणी.

चढायला सिरी रोड आहे. वाळकेश्वराच्या दर्शनाला जाणारे लोक पूर्वी याच वाटेने जायचे. 'सिरी' म्हणजे आपली शिडीच, असं सांगितलं जातं. आजूबाजूला झाडी असल्याने घाम आला तरी डोकं तापत नाही. याच उतारावर 2025 पासून झाडांमधून जाणारा लाकडी उन्नत मार्गही सुरू झालाय.

वर पोहोचलं की हँगिंग गार्डन. इथे आलेला प्रत्येक जण एकदा तरी विचारतो, यात लटकतंय काय? तर ही बाग चक्क पाण्याच्या टाकीच्या छपरावर आहे! ब्रिटिश काळातला हा जलाशय जवळपास 15 कोटी लिटरचा. उंचावर असल्यामुळे इथलं पाणी उताराने खाली गिरगाव, फोर्ट, कुलाब्यापर्यंत पोहोचतं. म्हणजे फोर्टातल्या कटिंग चहाचं पाणीही या बागेखालून गेलेलं असू शकतं.

जलाशय जुना झाला म्हणून तो पाडून नवा बांधायचं महापालिकेने ठरवलं होतं. त्यात 389 झाडांवर गदा येणार होती. रहिवाशांनी 2023 मध्ये जोरदार विरोध केला. मग तज्ज्ञांनी आत उतरून पाहणी केली आणि पुढे दुरुस्तीचा पर्याय समोर आला. बड्यांच्या वस्तीतलं आंदोलन म्हणून काहींनी नाकं मुरडली, पण झाडांची सावली काही फक्त बंगल्यांवर पडत नाही.

तिथून वाळकेश्वरच्या दिशेने चालत गेलं की खाली बाणगंगा. समुद्र हाकेच्या अंतरावर, तरी तलावातलं पाणी गोडं, कारण ते झऱ्याचं आहे. रामाने बाण मारून पाणी काढलं, ही आख्यायिका. तलाव मात्र शिलाहारांच्या काळातला, 1127 चा मानला जातो.

इतकी शतकं टिकलेल्या या पायऱ्यांचे दगड 2024 मध्ये तुटले. गाळ काढायला आणलेलं यंत्र थेट पायऱ्यांवरून उतरवलं होतं. कंत्राटदारावर गुन्हा दाखल झाला.