वारशाने आलेली निष्ठा

नाव, भाषा आणि धर्म या तीन गोष्टी मुलाला न मागता मिळतात आणि बहुधा जन्मभर त्याच्याबरोबर राहतात. कोलकात्यात त्यांत चौथ्या गोष्टीची भर पडते. घर मोहन बागानचे असेल तर मूल हिरव्या-किरमिजी रंगाचे होते; ईस्ट बंगालचे असेल तर लाल-पिवळ्या रंगाचे. खेळाची गोडी लागण्यापूर्वीच त्याचा पक्ष ठरलेला असतो. विवेकवादी माणसाला हा प्रकार हास्यास्पद वाटणे स्वाभाविक आहे. जिची निवड आपण केली नाही, तिला निष्ठा म्हणावे की निव्वळ सवय, असे तो विचारील. प्रश्न रास्त आहे. परंतु त्याचे उत्तर तर्कशास्त्रापेक्षा बंगालच्या इतिहासात शोधावे लागते.

मोहन बागानची स्थापना १८८९ सालची. २९ जुलै १९११ रोजी या संघाने आय.एफ.ए. शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटचा २-१ असा पराभव केला. एकाचा अपवाद सोडला तर बागानचे सारे खेळाडू अनवाणी खेळले होते. त्या विजयाने राज्य हलले नाही. परंतु राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात, त्यांच्याच नियमांनी हरविता येते, हे हजारो लोकांनी प्रत्यक्ष पाहिले. पुढे १९२० साली, एका खेळाडूला संघातून वगळल्यामुळे उद्भवलेल्या वादातून ईस्ट बंगाल क्लब जन्मास आला. १९४७ च्या फाळणीने त्याच्या नावाला नवा आणि दुःखद अर्थ दिला. ढाका, बारिसाल, मैमनसिंग येथून उखडून आलेल्या निर्वासितांचे घर, शेत आणि नदी सीमेपलीकडे राहिली होती. परक्या ठरू पाहणाऱ्या शहरात आपल्या प्रांताचे नाव ताठ मानेने उच्चारता यावे, अशी एक जागा त्यांना या क्लबात सापडली. पूर्व बंगाल हे नाव पुढे राजकीय नकाशावरून गेले. मैदानावर मात्र ते राहिले.

म्हणूनच ही परंपरा मैदानाइतकीच स्वयंपाकघरातही जपली गेली. ईस्ट बंगाल जिंकला की इलिश आणि मोहन बागान जिंकला की कोळंबी, हा संकेत बंगालबाहेरही ठाऊक आहे. ३० सप्टेंबर १९७५ रोजी शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट बंगालने बागानवर ५-० असा विजय मिळविला. त्यानंतर जन्मलेल्यांनाही तो निकाल पाठ असतो. एकाला अभिमानाने, दुसऱ्याला शल्याने. ज्या नातवाने बारिसालची नदी कधी पाहिली नाही, त्याला आजोबांचे विस्थापन इतिहासाच्या पुस्तकातून क्वचितच कळले असते. ते त्याला एका रंगातून कळते. तेव्हा ही निष्ठा खेळापुरती मर्यादित नाही. कुटुंबाची स्मृती पुढे नेण्याचे ते एक साधन आहे.

अर्थात वारशात दागिन्यांबरोबर कर्जही येते. निष्ठेच्या जोडीने वैरही हस्तांतरित होते. १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर या दोन संघांच्या सामन्यात प्रेक्षकांत हाणामारी आणि चेंगराचेंगरी होऊन १६ जणांचा बळी गेला. खेळ पाहण्यासाठी गेलेला मुलगा घरी परतला नाही, या दुःखाला रंग नसतो. त्या दिवसाच्या स्मरणार्थ कोलकात्यात रक्तदान होते. परंपरेने आपल्या अपराधाचे भान ठेवल्याची ती खूण होय. ऑगस्ट २०२४ मध्ये तिने आणखी एक पाऊल टाकले. आर. जी. कर रुग्णालयातील तरुण महिला डॉक्टरवरील अत्याचार आणि हत्येमुळे शहर संतप्त असताना सुरक्षेच्या कारणास्तव ड्युरँड चषकातील या दोघांचा सामना रद्द करण्यात आला. तेव्हा दोन्ही संघांचे पाठीराखे, आणि त्यांच्यासमवेत मोहमेडन स्पोर्टिंगचेही, न्यायाची मागणी करीत एकत्र रस्त्यावर उतरले. जे स्टँडमध्ये शेजारी बसत नाहीत, ते पोलिसांच्या लाठ्यांसमोर शेजारी उभे राहिले. वारसा म्हणजे आंधळेपणाच, असे म्हणणाऱ्यांनी या घटनेचा विचार करावा.

आज या परंपरेपुढील खरा प्रश्न मालकीचा आहे. व्यावसायिक फुटबॉलला प्रचंड पैसा लागतो आणि तो सभासदांच्या वर्गणीतून उभा राहत नाही, हे मान्य केलेच पाहिजे. २०२० साली मोहन बागानच्या फुटबॉल संघाचे बहुसंख्य भाग एका उद्योगसमूहाकडे गेले आणि संघाच्या नावापुढे ‘एटीके’ ही अक्षरे लागली. संघ जिंकत होता. तरीही पाठीराखे ती अक्षरे काढण्याची मागणी करीत राहिले. २०२३ साली ती गेली, पण त्यांच्या जागी नावामागे ‘सुपर जायंट’ ही नवी उपाधी आली. ईस्ट बंगालच्या पाठीराख्यांनीही २०२१ साली गुंतवणूकदारांशी करावयाच्या कराराच्या वादात रस्ता धरला. ताळेबंदात भागभांडवल दिसते. तीन पिढ्यांनी रांगेत काढलेल्या दुपारी दिसत नाहीत. तथापि, ज्या नावासाठी गुंतवणूकदार पैसा मोजतो, त्या नावाला किंमत आली ती त्या दुपारींमुळेच. जर्मनीत, काही अपवाद वगळता, क्लबातील मतांचे बहुमत सभासदांकडेच ठेवण्याचा नियम आहे. तोच येथे जसाच्या तसा आणावा असे नाही. परंतु नाव, रंग आणि चिन्ह यांत बदल करण्यापूर्वी सभासदांची संमती घ्यावी, एवढा दंडक घालणे अशक्य नाही.

महाराष्ट्राला हा प्रश्न परका वाटू नये. कोल्हापुरात पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही संघांची नावे तालमींची आहेत. कुस्तीच्या आखाड्याभोवती जमणाऱ्या पेठांनी फुटबॉललाही आपलेसे केले, आणि शाहू स्टेडियमवर कोण कोणत्या बाजूला बसणार हे आजही पुष्कळदा घराण्यावरून ठरते. तेथेही या ईर्ष्येला हाणामारीचे गालबोट लागलेले आहे. आणि पैशाचा ओघ वाढला तर उद्या नावाचा प्रश्नही तेथे उभा राहू शकतो.

निवडलेली निष्ठा श्रेष्ठ आणि मिळालेली कनिष्ठ, हा भेद म्हणूनच फारसा टिकत नाही. मातृभाषाही मिळालेलीच असते. तिच्यात काय बोलायचे, हे मात्र आपण ठरवितो. बापाने मुलाला रंग द्यावा, त्याबरोबर १९८० सालची ती यादीही द्यावी. मालकांनी आपण विश्वस्त आहोत हे ओळखावे. संघ हरतात, मालक बदलतात, खेळाडू दुसऱ्या क्लबात जातात. हरलेल्या सामन्यानंतर जो पुढच्या रविवारी मुलाचे बोट धरून पुन्हा मैदानाकडे निघतो, त्याचा हक्क कोणत्याही दस्तऐवजात नोंदलेला नाही. तो नोंदला जावा, एवढीच अपेक्षा.